अर्थाची तार

चेन्नई, ९ जून २०२४

प्रिय दिनकर,

तिसऱ्या जोडाला धूर आला आणि मी घाबरले. सोल्डरिंगचं आयर्न बाजूला ठेवलं, खिडकी उघडली. बोर्डवर काळा डाग पडला आहे, पण खालचं तांबं उचललेलं नाही. एवढं चालेल का, की किट वाया गेलं?

पाकिटातल्या वस्तू ताटात मांडून मोजल्या. एकोणतीस भरल्या. यादीतही एकोणतीसच आहेत. पण कागद इंग्रजीत आहे, अक्षर मोहरीएवढं, आणि कुठली वस्तू कुठे बसवायची एवढंच त्यात आहे. कशी बसवायची ते नाही. मिडियम वेव्हचा एवढासा ट्रान्समीटर, दोन खोल्यांपलीकडे जाणार नाही असं डब्यावरच छापलं आहे, आणि त्याला एवढं काम.

पहिला रेझिस्टर अरक्कू, काळा आणि नारिंगी पट्ट्यांचा. तो बसवला. दुसऱ्याच्या मधल्या पट्टीला लाल म्हणावं की कुंकवाचा रंग, हे ठरत नाही.

मार्चनंतर लिहायला उशीर झाला. घरात कामं होती. तब्येत बरी आहे.

पुढची पायरी लिही. सविस्तर लिही. पूर्वी लिहायचास तसं.

कळावे.


मिरज, १७ जून

प्रिय व्यासा,

तीन महिने गप्प बसलास आणि तोंड उघडलंस ते काय, तर धूर आला. येऊ दे की. गिंडीच्या रेडिओ कारखान्यात आपण दिवसाला तीनशे जोड द्यायचो, तेव्हा समोरासमोर बसून मला तुझं तोंड धुरामुळे दिसायचं नाही. ते माझं भाग्य होतं. डाग राहू दे. तांबं शाबूत आहे ना, मग पुढे चल.

अरक्कू हा कुठला रंग? बावन्न वर्षांत तू मला रंग लिहिला नाहीस. टेन-के लिहायचास. सैदापेटच्या खोलीत पाचशे रेझिस्टरांचा ढीग पुढ्यात ओतून तूच मला शिकवलंस, तपकिरी, काळा, नारिंगी म्हणजे टेन-के. आता मला साडीचे रंग सांगतोस? आणि 'घाबरले' काय? एक काना खाल्लास. पुरुषासारखा घाबर.

आता कॉइल. प्लास्टिकच्या नळीवर पन्नास वेढे, एकमेकांना चिकटून, एकावर एक नकोत. मोजताना कुणाशी बोलू नकोस. तारेची दोन्ही टोकं ब्लेडने खरवड. तांब्यावर वार्निश असतं, दिसत नाही, आणि ते राहिलं तर जोड वरून चकचकीत आणि आतून मेलेला. एरियल तीन मीटर, त्याहून लांब नको, आपल्याला शेजाऱ्याच्या घरात जायचं नाही. आणि अर्थ दे. अर्थ नसेल तर नुसती खरखर. हे तुला सांगायला नको, पण तू सविस्तर म्हणालास.

सैदापेटला आपण गच्चीवर असलंच काहीतरी जोडून तू माइकमध्ये काय म्हणालास, आठवतं? खाली घरमालकीण मामी रेडिओवर गाण्याची कच्चेरी ऐकत होती. मध्येच तुझा आवाज, "ही आकाशवाणी नाही." मामी झाडू घेऊन वर आली होती. मी टाकीमागे लपलो. तू तिला ट्रान्झिस्टर समजावून सांगत उभा राहिलास.

मीही असंच एक किट मागवलं आहे. बरोबरीने करतो.

सही करायला विसरलास. म्हातारा झालास.

तुझा
दिनकर


चेन्नई, २४ जून

प्रिय दिनकर,

मागच्या पत्रात एक काना राहिला, तो घालून वाचावं.

कॉइल झाली. दोनदा सुटली, तिसऱ्यांदा धरून राहिली. टोकं ब्लेडने खरवडली. तू म्हणालास तसं वार्निश दिसत नाही, पण ब्लेडखाली त्याचा भुगा पडतो.

अर्थाबद्दल लिहिलंस ते पटलं. या वयात माणसाने आपण करतो त्याला अर्थ देत राहावं, नाहीतर खरंच सगळी खरखर. तुझ्या पत्रात असं वाक्य पहिल्यांदा आलं. पुन्हा पुन्हा वाचलं.

आकाशवाणीची गोष्ट वाचून हसू आलं. तशा आणखी असतील तर लिही. पण कामाचं आधी लिही. ट्रान्झिस्टरचे तीन पाय आहेत. कुठला कुठे?

तब्येत बरी आहे.

कळावे.


मिरज, २ जुलै

आदरणीय वहिनी,

हे पत्र तुम्हाला लिहितो आहे. चुकत असलो तर व्यासाला द्या. तो शिव्या घालून उत्तर देईल आणि मला तेच हवं आहे.

अर्थ म्हणजे अर्थिंग. सर्किटमधून जमिनीत जाणारी तार. व्यासाला हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. माझ्या वाक्यावर तो आयुष्यात कधी विचार करत बसला नाही. काना राहू शकतो. पण दोन पत्रांत सही नाही, आणि पाकिटाच्या मागे घर नंबर आहे, गल्ली आहे, पिन कोड आहे, नाव नाही.

तो गेला का? गेला असेल तर तसं लिहा. मी एकटा असतो तेव्हा उघडेन.

दिनकर


चेन्नई, ९ जुलै

दिनकरराव यांस,

ते आहेत.

चार एप्रिलला सकाळी दाढी करताना पडले. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. एकोणीस दिवस इस्पितळात होते. डॉक्टर म्हणतात, ऐकलेलं कळतं, पण किती ते सांगता येत नाही. आमचा प्राणेश म्हणतो, "अप्पांना काही कळत नाही, अम्मा. तू उगाच दमतेस." तो गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात आहे, रविवारी येतो. रविवारी ते डोळे मिटून असतात.

घरी आणल्यावर ते तोंड उघडेनात. चमचा ओठाला लावला की दात आवळत. नाकातून नळी घातली, ती डाव्या हाताने ओढून काढली. पुन्हा घातली, पुन्हा काढली. नाकातून रक्त आलं. तिसऱ्यांदा मीच नको म्हणाले. डॉक्टर म्हणाले, मग तुम्ही भरवून दाखवा. वजन आणखी उतरलं तर नळी, आणि हात पलंगाला बांधायचे.

मे महिन्यात कपाट आवरताना तुमची पत्रं निघाली. मी सहज एक वाचलं. त्यात कुठल्या तरी कंडेन्सरचं होतं. त्यांनी डोळे उघडले. वाचता वाचता मी चमचा पुढे केला आणि त्यांनी तोंड उघडलं. अर्धी वाटी रसमभात गेला.

मग रोज वाचू लागले. ज्या पत्रात काम असे त्याला तोंड उघडत. ज्यात तब्येतीची चौकशी असे त्याला डोळे मिटत. जूनपर्यंत सगळी पत्रं तीनतीनदा झाली. तिसऱ्या वेळी त्यांची आवडती अंबट भाजीसुद्धा नको झाली. मला नवीन पत्र हवं होतं. आजारी आहेत असं कळवलं असतं तर तुम्ही औषधपाण्याचं लिहिलं असतं. म्हणून त्यांच्या वतीने लिहिलं. मी शाळेत तीस वर्षं हिंदी शिकवली, तेव्हा त्यांचं अक्षर जुळवता आलं. घरात आम्ही बोलतो ती इकडची, तमिळ मिसळलेली मराठी तुम्हाला ठाऊक आहे, ती कागदावर येऊ नये म्हणून जपून लिहिलं. तरी काना राहिला.

किट त्यांनी मार्चमध्ये मागवलं होतं. तुमच्या पत्रांत कामाचं येत राहावं म्हणून ते मीच जोडते आहे. पलंगाच्या कडेला पाट ठेवते, त्यावर बोर्ड. त्यांच्या डाव्या हातात स्टीलचा चमचा दिला आहे. पलंगाच्या दांडीवर एकदा वाजवला की हो, दोनदा की नाही. मी वस्तू उचलून दाखवते. चूक असली की दोनदा वाजतो, आणि जोरात. लग्नानंतर एवढी बोलणी मी त्यांची कधी खाल्ली नव्हती.

सही राहिली, कारण ते नाव मी कधी उच्चारलेलं नाही आणि लिहिलेलंही नाही. आमच्यात बायका घेत नाहीत. प्राणेशच्या शाळेचे फॉर्म त्यांच्याकडूनच भरून घेई. इस्पितळात आधार कार्ड पुढे केलं. तुम्हाला खोटं पत्र लिहिता आलं, पण खाली ते नाव लिहिता आलं नाही. पेन टेकवून पाहिलं.

आता विनंती. तुम्ही त्यांनाच लिहा. तुम्हाला काही कळलेलं नाही असं समजून लिहा. दया लिहू नका. शिव्या चालतील.

अर्थ कुठे जोडायचा? आमचे नळ प्लास्टिकचे आहेत.

कनका


मिरज, १७ जुलै

प्रिय व्यासा,

नळ प्लास्टिकचे आहेत हे तुला आत्ता कळलं? गिंडीला तू नळाला अर्थ द्यायचास तेव्हा पाणी भरणाऱ्या बायका झटका बसेल म्हणून तुझ्या नावाने बोटं मोडायच्या. बसायचा नाही, पण तू त्यांना तसं कधी सांगितलं नाहीस. मागच्या अंगणात हातपंप होता तो आहे ना? पंप बंद असला तरी त्याचा पाइप खाली पाण्यापर्यंत गेलेला असतो. त्याला दे. गंज सॅंडपेपरने घासून, लोखंड चमकलं की तांब्याचा पट्टा आवळून. तुझ्यासारख्या आळशाला दोन दिवस पुरेल.

ट्रान्झिस्टरची सपाट बाजू बोर्डवरच्या सपाट रेषेशी जुळव, म्हणजे पायांचा विचार करावा लागणार नाही. आयर्न तीन सेकंदांवर टेकवू नकोस. हे मी तुला शिकवावं असा दिवस आला.

मोठ्या कंडेन्सरच्या अंगावर एका बाजूला पांढरी रेघ आहे, ती वजा. उलटा बसवलास तर फुगून फुटेल आणि बायको घराबाहेर काढेल. सगळं झालं की रेडिओवर बाराशेच्या आसपास रिकामी जागा शोध. चेन्नईत मिडियम वेव्हवर आता रिकामी जागाच जास्त असेल. मग ट्रिमर अगदी केसभर फिरवायचा, प्लास्टिकच्या काडीने, लोखंडी स्क्रू-ड्रायव्हरने नको. खरखर थांबली की तू आलास.

माझं किट तुझ्याआधी झालं. हरलास.

तुझा
दिनकर

(वेगळ्या चिठ्ठीवर)

वहिनी, ही चिठ्ठी वाचून दाखवू नका. फोन केला नाहीत ते बरं केलंत, मला ऐकू आलं नसतं. कानाचं यंत्र होतं, गेल्या दिवाळीपासून त्याचाही उपयोग नाही. व्यासाला हे सांगितलेलं नाही. माझं किट लागलं तेव्हा नात इरा रेडिओपाशी बसली होती. तिने अंगठा दाखवला म्हणून मी झालं असं लिहिलं. आत काय वाजत होतं मला माहीत नाही. तुमचं लागलं की आवाज कसा आहे ते नीट लिहा. मला तेवढंच ऐकायला मिळेल.


चेन्नई, २ ऑगस्ट

दिनकरराव यांस,

चिठ्ठी वेगळी ठेवली. पत्र वाचून दाखवलं. "हरलास" म्हटल्यावर चमचा दोनदा वाजला.

पंप घासायला तीन दिवस लागले. वरच्या मजल्यावरचे सेतुमाधव मामा जिन्यात उभे राहून बघत होते. "मामी, पंपाला तार कशाला? पाणी आता वायरलेस येणार का?" म्हटलं, अर्थ देते आहे. ते म्हणाले, या पंपाला वीस वर्षांत कुणी अर्थ दिला नाही, द्या. मग सॅंडपेपर त्यांनीच हातात घेतला.

एकतीस तारखेला दुपारी लागलं. रेडिओ त्यांच्या उशाशी, ट्रान्समीटर स्वयंपाकघरात ओट्यावर, मध्ये दोन भिंती. बटणाएवढा माइक हातात घेतला आणि काय बोलावं सुचेना. वर्गात चाळीस मुलींपुढे तीस वर्षं बोलले, पण पुढे कुणी दिसत नसताना बोलायची सवय नाही. मग रोज स्वयंपाकघरातून म्हणते तेच म्हटलं, "अहो, ऐकलंत का?"

चमचा एकदा वाजला.

मी धावत गेले नाही. पुन्हा म्हटलं, "ऐकलंत का?" पुन्हा एकदा वाजला. दहा-बारा वेळा म्हटलं असेल. शेवटी दोनदा वाजला, म्हणजे पुरे.

आवाज कसा आहे ते तुम्ही विचारलंत. काल प्राणेश रजा घेऊन आला होता, त्याला ओट्यापाशी बोलायला बसवून मी रेडिओपाशी उभी राहिले. "अम्मा, स्टेशन काढलंस की काय? काय बोलू?" एवढंच तो म्हणाला. पावसाळ्यात पत्र्यावर माणूस चालतो तसा मागे एक आवाज सारखा असतो. माणसाचा आवाज मधून येतो, थोडा नाकातला, जवळचा. सर्दी झालेला माणूस कानापाशी बोलतो आहे असा. शब्द सगळे कळतात.

प्राणेश आता त्यांना काही कळत नाही असं म्हणत नाही.

एक सांगायचं. माझ्या तोंडाकडे बघून पत्र ऐकताना त्यांचे डोळे भरतात. रेडिओकडे बघून ऐकताना भरत नाहीत. म्हणून तुमची पत्रं आता मी रेडिओवरूनच वाचणार. आधी उघडणार नाही. पाकीट माइकपुढेच फोडीन, म्हणजे त्यांना ताजं मिळेल. भरवणं त्याआधी उरकून घेते. ऐकायचं म्हणून ते मुकाट्याने जेवतात.

वजन सातशे ग्रॅमनी वाढलं. डॉक्टर नळीचं बोलले नाहीत.

कनका


मिरज, १० ऑगस्ट

प्रिय व्यासा,

लागलं म्हणे. पंपाला अर्थ देऊन. आता तुझ्या अंगणातले बेडूकसुद्धा मिडियम वेव्हवर येतील.

लागलं म्हणून बसू नकोस. मागे पत्र्यावर चालल्यासारखा आवाज येतो तो बॅटरीचा नाही, एरियलचा. एरियल विजेच्या वायरीला समांतर गेली असेल. आडवी घे, काटकोनात. सगळा जाणार नाही, थोडा राहू दे. अगदी स्वच्छ आवाज आला की समोर माणूस आहे असं वाटत नाही.

कारखान्यात तपासायला येणाऱ्या प्रत्येक रेडिओला तू कान लावायचास आणि साहेब मीटर बघायचा. साहेब म्हणायचा, मीटर काय म्हणतंय? तू म्हणायचास, मीटर बरोबर म्हणतंय सार, पण रेडिओ रडतोय. त्यातले निम्मे महिन्याभरात परत यायचे. साहेबाने तुला कधी विचारलं नाही तुला कसं कळतं. मीही विचारलं नाही. मला वाटायचं, विचारलं तर तू शिकवशील आणि मला जमणार नाही.

आता पुढचं काम. घरातला जुना दोन बॅंडचा सेट तू फेकला नसशील. त्याचा डायलचा दोरा तुटला होता. तो घालू. दोरा घालायला चार हात लागतात, तुझ्याकडे किती आहेत ते बघ आणि कळव. दोऱ्याचा रस्ता मी काढून पाठवतो.

तुझा
दिनकर

(त्याच कागदाच्या मागच्या बाजूला)

वहिनी, हे आता तुमच्यासाठी. मागच्या बाजूला लिहितो, कारण वेगळा कागद घेतला तर लिहिणार नाही हे मला माहीत आहे.

मार्चमध्ये व्यासाचं पत्र आलं होतं. त्याचं शेवटचं. त्यात त्याने लिहिलं होतं, महिन्यात दोनदा आयर्न हातातून सुटलं. एकदा दहा मिनिटं तोंडातून शब्द येईना, मग आला. कनकाला कळवू नकोस, ती इस्पितळात नेईल आणि किट राहून जाईल. असं त्याने लिहिलं होतं.

मी तुम्हाला कळवलं नाही. त्याला उत्तर लिहिलं, उजवा दमला तर डावा आहे. विनोद केला. माझ्या थोरल्या भावाचंही असंच झालं होतं, आधी दोनदा हात सुटला, मग तो गेला. म्हणजे मला कळायला हवं होतं असं मी म्हणू शकत नाही. मला कळलं होतं. मला वाटलं, तुम्ही त्याला इस्पितळात घालाल आणि मला पत्रं येणं बंद होईल. कान गेल्यापासून माझ्याशी बोलणारा तो एकटा होता.

तुम्ही त्याला भरवता, आणि मी इथे बसून चतुराईची पत्रं लिहितो. हे माझ्याने आता होत नाही. व्यासाला यातलं काही कळू देऊ नका. तुम्हाला काय लिहायचं ते लिहा.

दिनकर


चेन्नई, २२ ऑगस्ट

दिनकरराव यांस,

तुमचं पत्र एकोणीस तारखेला आलं. त्यांचं जेवण अडीचला झालं. चार वाजता मी ओट्यापाशी बसून माइकपुढे पाकीट फोडलं.

बेडकांचं वाचलं तेव्हा चमचा वाजला. दोनदा. रेडिओ रडतोय, ते वाचताना मी थांबले, तेव्हाही वाजला, एकदा. पुढची बाजू संपली. डायलच्या दोऱ्याला काय उत्तर द्यायचं ते विचारायचं होतं, पण पान हातात होतं आणि मी उलटलं. वर 'वहिनी' होतं. मला वाटलं, नमस्कार लिहिला असेल, तोही त्यांनी ऐकावा. तीस वर्षं मी धडे वाचले. पान हातात आलं की मी ते शेवटपर्यंत वाचते. दुसऱ्या परिच्छेदात काय आहे ते मला कळत होतं, आणि माझा आवाज चालू होता. व्यासाला कळू देऊ नका, तेही मी वाचलं. तुमची सही वाचली.

मग म्हटलं, "अहो, ऐकलंत का?"

चमचा वाजला नाही.

मला वाटलं, ओशाळले असतील. माझ्यापासून लपवलं ते माझ्याच तोंडून ऐकावं लागलं. पडून राहू देत थोडं. मी लगेच गेले नाही. मलाही जायचं नव्हतं. मी डिकॉक्शन गाळलं, दूध तापवलं, कॉफी केली. ओट्यापाशी उभी राहून सगळी प्याले. माइक चालूच होता. मग पेला विसळला आणि गेले.

ते रेडिओकडे तोंड करून होते. डोळे उघडे. चमचा पांघरुणावर होता, हातातून सुटलेला. रेडिओत नळाचं पाणी गळत होतं, मी स्वयंपाकघरात सोडून आलेलं.

डॉक्टर वरच्याच गल्लीत राहतात, ते पावणेपाचला आले. म्हणाले, अर्धा तास झाला असेल, जास्तही असेल, एवढं नेमकं सांगता येत नाही. नंतर मी घड्याळ लावून पत्र पुन्हा वाचून पाहिलं. पुढच्या बाजूला सहा मिनिटं लागतात, मागच्या बाजूला चार. कॉफीला दहा. बेरीज कशीही केली तरी त्यांनी कुठपर्यंत ऐकलं ते निघत नाही. पुढची बाजू संपली तेव्हा एकदा वाजल्यासारखं वाटतं. पण गॅसवर भांडं होतं, त्याचं झाकणही वाजतं.

तुमचं ते वाक्य, उजवा दमला तर डावा आहे, ते पत्र कपाटात होतं. मे महिन्यात मी त्यांना ते वाचून दाखवलं होतं. मला ती चेष्टा वाटली आणि मी हसले. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोप आली.

ते तुम्हाला लिहीत होते तेव्हा मी दोन हातांवर भिंतीपलीकडे भाजी चिरत असेन. त्यांनी हात सुटल्याचं मिरजेला कळवलं, स्वयंपाकघरात कळवलं नाही. याचा राग मला तुमच्यावर आहे की त्यांच्यावर, हे अजून ठरत नाही. ठरलं की लिहीन. ठरलं नाही तर लिहिणार नाही. तुम्ही पत्र पाठवू नका.

प्राणेश साडेसातला पोचला. त्याने रेडिओ बंद केला. ट्रान्समीटर चालू असल्याचं त्याच्या ध्यानात आलं नाही, तो ओट्यावर तसाच चालू राहिला, बॅटरी संपेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेतुमाधव मामा स्मशानाचा फॉर्म घेऊन आले. प्राणेश दारात गाडीवाल्याशी बोलत होता. मामा म्हणाले, "आधार कार्ड द्या मामी, मी बघून नाव लिहितो." मी त्यांच्या हातातलं पेन घेतलं आणि लिहिलं, व्यासराज. नाव इंग्रजीत लिहायचं होतं, मी मराठीत लिहिलं. मामांनी ते खोडून वर इंग्रजीत लिहिलं.

कनका